प्रचाराचा खर्च सांभाळणारी समिती: कायद्यात नाव नाही, तरीही उमेदवाराला हवीच

मुंबई–अहमदाबाद महामार्ग आणि हजिऱ्याहून धुळ्याकडे जाणारा महामार्ग जेथे एकमेकांना छेदतात, तेथे सुरत जिल्ह्यातील पलसाणा हे तालुक्याचे गाव आहे. एकीकडे उसाची शेती आणि चलथाणचा सहकारी साखर कारखाना, तर दुसरीकडे कडोदऱ्यापर्यंत पसरलेले कापड रंगवण्याचे व छापण्याचे कारखाने, असा हा मुलूख. उधना–जळगाव लोहमार्ग याच तालुक्यातून जातो. खानदेशातून पोटापाण्यासाठी सुरतेची वाट धरणाऱ्या मराठी कुटुंबांना तो पिढ्यान्‌पिढ्या परिचित आहे.

अशा तालुक्यात तालुका पंचायतीच्या एखाद्या जागेसाठी उभे राहायचे ठरले की, पहिल्या बैठकीत चर्चा होते ती मतांची. पैशांची चर्चा होते ती उमेदवारी अर्ज भरण्याच्या आदल्या रात्री. टेम्पो कोणाचा, ध्वनिक्षेपक कोठून आणायचा, पत्रके किती छापायची, कार्यकर्त्यांच्या चहा-नाश्त्याचे पैसे कोण देणार, हे सारे तोंडी ठरते. ‘तू घाल, मग बघू’ या एका वाक्यावर अनेकांचा अर्धा प्रचार पार पडतो. निकाल लागतो, मांडव उतरतो आणि महिनाभरात निवडणूक कार्यालय हिशेब मागते. तेव्हा पावत्या नसतात, कोणी किती दिले याची नोंद नसते आणि ज्याने खर्च केला तो गावाला निघून गेलेला असतो.

गोव्यातील वाचकाला पलसाणा दूरचे वाटेल. पण उमेदवारी अर्जाच्या आदल्या रात्रीचे हे दृश्य पेडण्यापासून काणकोणपर्यंत कोणत्याही प्रभागाला अनोळखी नाही. गोव्यात १० ऑगस्ट २०२२ रोजी १८६ ग्रामपंचायतींसाठी मतदान झाले होते. त्या पंचायतींची पाच वर्षांची मुदत २०२७ मध्ये संपते. ज्यांच्या मनात उभे राहण्याचा विचार आहे, त्यांनी मतदारयादीबरोबरच हिशेबाची वहीही आतापासून हाताशी ठेवणे शहाणपणाचे ठरेल.

समिती नव्हे, उमेदवार

अमेरिकेत स्थानिक पदासाठी उभे राहणाऱ्याला प्रचाराचा पैसा हाताळण्यासाठी रीतसर समिती स्थापावी लागते. मिशिगन राज्याचे उदाहरण मराठी वाचकांना जवळचे वाटेल, कारण बेळगावात वाढलेले श्री ठाणेदार याच राज्यातून २०२० मध्ये राज्य विधिमंडळावर आणि २०२२ मध्ये अमेरिकी काँग्रेसवर निवडून गेले. मिशिगनच्या १९७६ च्या प्रचारवित्त कायद्यानुसार उमेदवार झाल्यापासून दहा दिवसांत उमेदवाराची समिती तयार करावी लागते आणि त्यापुढील दहा दिवसांत तिची नोंदणी करावी लागते. समितीला खजिनदार असतो, बँक खाते असते आणि ठरावीक मुदतीला अहवाल द्यावे लागतात. एका निवडणुकीत एक हजार डॉलरहून अधिक जमा किंवा खर्च होणार नाही, असे आधीच सांगणाऱ्या लहान उमेदवाराला या अहवालांतून सूट मिळू शकते. समिती मात्र त्यालाही चुकत नाही.

भारताने हा मार्ग घेतला नाही. आपला वारसा ब्रिटिश आहे. १८८३ मध्ये ब्रिटिश संसदेने भ्रष्ट निवडणूक प्रथांविरुद्ध कायदा केला, उमेदवाराच्या खर्चावर मर्यादा घातली आणि सर्व पैसा निवडणूक प्रतिनिधीच्या हातून जावा अशी व्यवस्था केली. त्याच विचारातून आपल्याकडे उमेदवार आणि त्याचा निवडणूक प्रतिनिधी या दोघांनाच कायदा ओळखतो. १९५१ च्या लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम ७७ नुसार उमेदवाराने स्वतः किंवा प्रतिनिधीमार्फत खर्चाचा स्वतंत्र आणि अचूक हिशेब ठेवायचा असतो. अर्ज भरल्याच्या दिवसापासून निकाल जाहीर होण्याच्या दिवसापर्यंतचा, दोन्ही दिवस धरून, सारा खर्च त्यात येतो. समितीचा उल्लेख या कायद्यात कोठेही नाही.

हा कायदा लोकसभा आणि विधानसभांसाठी आहे. पंचायती आणि नगरपालिकांचे क्षेत्र वेगळे. ७३ व्या आणि ७४ व्या घटनादुरुस्तीने या निवडणुका राज्य निवडणूक आयोगाकडे सोपवल्या. त्यामुळे पलसाण्याच्या तालुका पंचायतीची खर्चमर्यादा गांधीनगरचा आयोग ठरवतो आणि गोव्यातील पंचायत प्रभागाची पणजीचा आयोग. २८ फेब्रुवारी २०२१ रोजी गुजरातमध्ये ३१ जिल्हा पंचायती, २३१ तालुका पंचायती आणि ८१ नगरपालिकांसाठी मतदान झाले, तेव्हा तालुका पंचायतीच्या उमेदवाराला दोन लाख, तर जिल्हा पंचायतीच्या उमेदवाराला चार लाख रुपयांची मर्यादा होती. महाराष्ट्रात २०१७ पासून थेट निवडल्या जाणाऱ्या सरपंचपदासाठी ग्रामपंचायतीच्या आकारानुसार ५० हजार, एक लाख आणि पावणेदोन लाख, तर सदस्यासाठी २५, ३५ आणि ५० हजार रुपये अशा पायऱ्या ठरवण्यात आल्या. आयोग या रकमा वेळोवेळी बदलतो. म्हणून उमेदवाराने गेल्या निवडणुकीच्या ऐकीव आकड्यावर विसंबू नये. निवडणूक जाहीर होताच आयोगाच्या ताज्या आदेशाची प्रत हाती घ्यावी.

रचनेतही फरक आहे. गुजरातमध्ये ग्राम, तालुका आणि जिल्हा असे तीन स्तर आहेत. वीस लाखांहून कमी लोकसंख्येच्या राज्याला मधला स्तर वगळण्याची मुभा घटनेने दिली असल्यामुळे गोव्यात तालुका पंचायत नाही. गुजरातमध्ये गावचा सरपंच मतदार थेट निवडतात, गोव्यात पंच आपल्यातून सरपंच निवडतात. याचा पैशाशी संबंध आहे. थेट सरपंचपदासाठी संपूर्ण गावभर प्रचार करावा लागतो. गोव्यातील पंचाचा प्रचार प्रभागापुरता असतो. मात्र सरपंचपदासाठी निकालानंतर पंचांची जी जुळवाजुळव होते, तिच्यावर होणारा खर्च कोणत्याच वहीत येत नाही, कारण हिशेबाचा काळ निकालाच्या दिवशी संपलेला असतो.

दहा रुपयांचे कलम

समिती कायद्यात नाही म्हणजे ती अनावश्यक आहे, असा अर्थ काढणे चुकीचे ठरेल. उलट कायद्यातील एक जुने, विस्मृतीत गेलेले कलम पाहिले की समितीची गरज नेमकी कोठे आहे, ते कळते.

१९२० मध्ये भारतीय दंड संहितेत निवडणूक गुन्ह्यांचे प्रकरण घालण्यात आले. त्यातील एका कलमानुसार, उमेदवाराच्या लेखी अधिकाराशिवाय त्याच्या विजयासाठी सभा, जाहिरात, पत्रक किंवा अन्य मार्गाने खर्च करणे हा गुन्हा ठरला. दंड होता पाचशे रुपयांपर्यंत. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत हेच कलम १७६ या क्रमांकाने आले आणि दंडाची कमाल रक्कम दहा हजार रुपये झाली. हिशेब न ठेवल्याबद्दलचे कलम १७७ आहे; त्यात पाच हजार रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. ही कलमे केवळ विधानसभेपुरती नाहीत, नगरपालिका आणि इतर लोकसंस्थांच्या निवडणुकांनाही लागू आहेत.

या कलमात एक गंमतीदार सवलत आहे. कोणी परवानगीशिवाय दहा रुपयांपर्यंत खर्च केला आणि दहा दिवसांत उमेदवाराची लेखी संमती मिळवली, तर तो खर्च अधिकृत मानला जातो. १९२० मध्ये दहा रुपयांत बरेच काही येत असे. शंभर वर्षांनी नवी संहिता लिहिली गेली, दंड वीस पटींनी वाढला, पण हे दहा रुपये मात्र तसेच राहिले. आज त्यात कार्यकर्त्याचा एक चहा धड येत नाही.

थट्टा बाजूला ठेवली तरी कलमाचा गाभा महत्त्वाचा आहे. उत्साहाने फलक लावणारा मित्र, स्वतःच्या खर्चाने टेम्पो फिरवणारा कारखान्यातील मुकादम, परस्पर पत्रके छापून आणणारा भाचा, या साऱ्यांना उमेदवाराचा लेखी अधिकार हवा. तो नसेल तर खर्च करणारा अडचणीत येतो. आणि ‘माझ्या संमतीनेच झाले’ असे उमेदवाराने म्हटले, तर तो खर्च उमेदवाराच्या खात्यावर चढतो. म्हणजे कोणाला अधिकार दिला आणि कोणाला नाही, हे एका कागदावर असणे ही समितीची पहिली गरज होय.

तिघांची समिती

पंचायत प्रभागासाठी किंवा तालुका पंचायतीच्या जागेसाठी तीन माणसे पुरतात. एक हिशेबनीस, एक प्रत्यक्ष खर्च करणारा आणि एक देणग्या व उसनवारीच्या वस्तूंची नोंद ठेवणारा. यांपैकी हिशेबनीस कोण, यावर बाकी सारे अवलंबून असते. तो प्रचारातला उत्साही कार्यकर्ता नसलेला बरा. पतसंस्थेतून निवृत्त झालेला कारकून, शाळेतील माजी मुख्याध्यापक, कारखान्यात हजेरीपट लिहिणारा माणूस अशी व्यक्ती या कामाला उत्तम. ‘पावती नसेल तर पैसे नाहीत’ असे उमेदवाराच्या सख्ख्या भावालाही सांगण्याची धमक तिच्याकडे हवी.

उमेदवाराने अर्ज भरण्यापूर्वी या तिघांना सहीचे पत्र द्यावे. कोणी किती रकमेपर्यंत, कोणत्या कामासाठी खर्च करायचा, हे त्यात लिहावे. इतर कोणीही केलेल्या खर्चाची जबाबदारी उमेदवारावर नाही, असेही त्याच पत्रात नमूद करावे. त्यामुळे पुढचे सगळे वाद मिटतात असे नाही. पण वाद झाला तर दाखवायला कागद राहतो.

त्यानंतर बँक खाते. लोकसभा आणि विधानसभेच्या उमेदवाराने अर्ज भरण्याच्या किमान एक दिवस आधी निवडणूक खर्चासाठी स्वतंत्र खाते उघडावे, असा भारतीय निवडणूक आयोगाचा दंडक आहे. एका व्यक्तीला किंवा संस्थेला दहा हजार रुपयांहून अधिक रक्कम रोखीने देता येत नाही. ती मर्यादा २०१८ पर्यंत वीस हजार होती. राज्य आयोगांचे आदेश तपशिलात वेगळे असू शकतात. तरी स्थानिक उमेदवाराने हीच शिस्त पाळली तर त्याचे काहीच बिघडत नाही. घरखर्चाच्या खात्यातून प्रचाराचे पैसे देणे ही सर्वांत सामान्य आणि सर्वांत महाग पडणारी चूक आहे. नंतर किराणा कोणता आणि मांडवाचे भाडे कोणते, हे उमेदवारालाच सांगता येत नाही.

आयोगाच्या नमुन्यातील हिशेबवहीचे तीन भाग असतात: रोजच्या खर्चासाठी पांढरी पाने, रोकडीसाठी गुलाबी आणि बँकेसाठी पिवळी. ही रंगसंगती गावातल्या हिशेबनिसालाही सहज उमजते. पांढऱ्या पानावर काय खरेदी केले, कोणाकडून, किती नग, कोणत्या दराने, हे येते. गुलाबी पान संध्याकाळी पेटीतील शिल्लक सांगते. तिन्ही पानांचा मेळ रोज रात्री बसला पाहिजे. आठवड्याने एकदम लिहिलेली वही पाहणाऱ्याच्या लगेच लक्षात येते, कारण सगळ्या नोंदींना एकच शाई आणि एकच घाई असते. महाराष्ट्रातील राज्य आयोगाने उमेदवारांना रोजचा खर्च भरण्यासाठी ‘ट्रू व्होटर’ नावाचे मोबाइल अॅप आणले. त्यामुळे कागदपत्रांचा भार थोडा हलका होतो, पण भ्रमणध्वनीवर भरायचा आकडाही आधी वहीतूनच यावा लागतो.

खरी परीक्षा होते ती पैसे न देता मिळालेल्या वस्तूंची. मित्राने जीप दिली, डिझेल त्यानेच घातले. शेजाऱ्याने खळ्यात सभा घेऊ दिली. नातेवाइकाच्या भटारखान्यातून जेवण आले. ‘खर्च झालाच नाही’ असे उमेदवाराला मनापासून वाटते. हिशेबाच्या दृष्टीने मात्र या प्रत्येक वस्तूचे बाजारभावाने मूल्य धरले जाते. जिल्हा प्रशासन निवडणुकीपूर्वी दरपत्रक काढते. त्यात वाहनाचे दिवसाचे भाडे, खुर्ची, फलक, चहा यांचे दर असतात. ते दरपत्रक पहिल्याच दिवशी मिळवून हिशेबनिसाच्या वहीत चिकटवून ठेवावे. मित्राच्या जीपचे भाडे उमेदवाराने शून्य लिहिले आणि निरीक्षकाने दरपत्रकाने लिहिले, की दोन वह्यांत फरक पडतो. त्या फरकाचा खुलासा उमेदवारालाच करावा लागतो.

पक्षाच्या सभेचेही तसेच. व्यासपीठावर चार उमेदवार असतील, त्यांची छायाचित्रे फलकावर असतील, तर त्या सभेचा खर्च त्यांच्यात वाटला जातो. गुजरातमध्ये तालुका व जिल्हा पंचायतीच्या निवडणुका पक्षचिन्हांवर होतात. गोव्यात जिल्हा पंचायतींच्या निवडणुकाही पक्षीय पातळीवर लढवल्या जाऊ लागल्या आहेत. अशा सभेनंतर पक्ष कार्यालयाकडून वाट्याच्या रकमेचे पत्र मागून घेणे हे समितीतील तिसऱ्या माणसाचे काम.

पैसा कोणाचा घ्यायचा

येथे पलसाणा आणि गोवा यांच्यातील साम्य ठळक होते. सुरत जिल्ह्यातील अनेक गावांची एक पिढी अमेरिका व इंग्लंडमध्ये आहे. गोव्यातील अनेक घरांतील मुले पोर्तुगीज पारपत्रावर इंग्लंडमध्ये काम करतात. गावातील मित्र उभा राहिला की बाहेरून पैसे पाठवण्याची इच्छा होणे स्वाभाविक आहे.

२०१० च्या परकीय योगदान नियमन कायद्याने निवडणुकीच्या उमेदवाराला परकीय योगदान घेण्यास मनाई केली आहे. ही बंदी आमदार-खासदारांपुरती असावी असा सर्वसाधारण समज आहे. तो चुकीचा आहे. या कायद्यातील ‘विधिमंडळा’च्या व्याख्येत नगरपालिका आणि पंचायतही येतात. त्यामुळे पंचपदाचा उमेदवारही या बंदीत येतो आणि निवडून आलेला पंचही. परदेशी नागरिकत्व घेतलेला मित्र, त्याच्याकडे भारतीय वंशाचे कार्ड असले तरी, कायद्याच्या दृष्टीने परकीय स्रोतच ठरतो. भारतीय पारपत्र कायम असलेल्या अनिवासी मित्राने स्वतःच्या बचतीतून बँकेमार्फत पाठवलेली रक्कम मात्र परकीय मानली जात नाही. दोघे मित्र इंग्लंडमधील एकाच कारखान्यात कामाला असतील, एकाच घरात राहत असतील, पण एकाचे पैसे चालतात आणि दुसऱ्याचे चालत नाहीत.

नातेवाइकांना अपवाद आहे. परदेशी नागरिक झालेल्या भावाने पाठवलेले पैसे घेता येतात. परंतु उमेदवारी अर्ज भरण्यापूर्वीच्या १८० दिवसांत उमेदवाराला कोणतेही परकीय योगदान मिळाले असेल, तर त्याची माहिती केंद्र सरकारला कळवण्याची तरतूद याच कायद्यात आहे. पंचायत निवडणुकीच्या धामधुमीत ही तरतूद कोणाच्या ध्यानात नसते. समितीने अर्जाच्या तारखेपासून मागे सहा महिन्यांचे बँक उतारे काढून पाहावेत आणि शंका असेल तर सनदी लेखापालाला विचारावे.

देशातील देणग्यांबाबतही एक गैरसमज आहे. राजकीय पक्षाला किंवा निवडणूक न्यासाला दिलेल्या देणगीवर आयकरात वजावट मिळते. अपक्ष उमेदवाराला व्यक्तिशः दिलेल्या पैशांवर ती मिळत नाही. उमेदवाराच्या बाजूने पाहिले, तर नातेवाईक नसलेल्यांकडून वर्षभरात विनामोबदला मिळालेल्या रकमांची बेरीज ५० हजार रुपयांच्या पुढे गेली की तिच्यावर आयकराचा प्रश्न उभा राहतो. म्हणजे पक्षाचे छत्र नसलेला उमेदवार दोन्हीकडून तोट्यात. गोव्यात ग्रामपंचायत निवडणूक पक्षचिन्हांवर होत नाही, त्यामुळे जवळपास प्रत्येक उमेदवार या अर्थाने अपक्षच असतो.

कंत्राटदाराच्या रोकडीबद्दल कायद्याने सांगण्याआधी गावच सांगते. पंचायतीच्या कामात सदस्याचा हितसंबंध असणे हे पंचायत कायद्यांनुसार अपात्रतेचे कारण आहे. आज गटाराचे काम करणाऱ्याने दिलेले पैसे उद्या त्याच्या बिलावर सही करताना आठवतात. आठवले नाहीत तर विरोधक आठवण करून देतात. अशी देणगी घ्यायची की नाही, हे उमेदवाराने एकट्याने न ठरवता समितीसमोर ठरवावे. त्याचा एक व्यावहारिक फायदा आहे: नकार द्यायला तिसरे नाव मिळते.

मोठ्यांना वाट, लहानांना वही

या व्यवस्थेत एक मोठी विसंगती आहे आणि ती लपवण्यात अर्थ नाही. मर्यादा उमेदवाराच्या खर्चाला आहे, पक्षाच्या खर्चाला नाही. १९७४ मध्ये कंवरलाल गुप्ता विरुद्ध अमरनाथ चावला या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने पक्षाने केलेला खर्चही उमेदवाराच्या हिशेबात धरावा, असा निर्णय दिला. सरकारने आधी वटहुकूम काढून आणि मग कायदा दुरुस्त करून तो निर्णय निष्प्रभ केला. २००३ मध्ये ही मोकळीक पुन्हा आखून घेण्यात आली, पण पक्षावर मर्यादा आली नाही. जून २०१३ मध्ये गोपीनाथ मुंडे यांनी २००९ च्या लोकसभा निवडणुकीत आपला आठ कोटी रुपये खर्च झाल्याचे जाहीर सभेत सांगितले. तेव्हा मर्यादा २५ लाखांची होती. आयोगाची नोटीस आली, गदारोळ झाला. पण मुंडे यांनी जे बोलून दाखवले ते ऐकून कोणाला धक्का बसला, असे म्हणता येणार नाही.

हिशेब वेळेत दिला पण खरा नसला, तर आयोगाने काय करायचे, हा प्रश्न महाराष्ट्रातूनच सर्वोच्च न्यायालयात गेला. अशोक चव्हाण यांच्या २००९ च्या भोकर मतदारसंघातील हिशेबाच्या प्रकरणात ५ मे २०१४ रोजी न्यायालयाने सांगितले की हिशेबाचा खरेखोटेपणा तपासण्याचा अधिकार आयोगाला आहे. पुढे आयोगाने चव्हाण यांच्याविरुद्ध काढलेला आदेश दिल्ली उच्च न्यायालयाने त्याच वर्षी रद्द केला. परंतु अधिकाराचे तत्त्व कायम राहिले. २००९ च्याच निवडणुकीच्या हिशेबावरून झारखंडचे माजी मुख्यमंत्री मधू कोडा २०१७ मध्ये तीन वर्षांसाठी अपात्र ठरले.

मोठ्यांकडे वकील असतात. गावातील उमेदवार अडकतो तो वेगळ्याच ठिकाणी. त्याने मर्यादा ओलांडलेली नसते, पुष्कळदा निम्म्यानेही खर्च केलेला नसतो. तो हिशेब द्यायलाच विसरतो. त्यातही पराभूत उमेदवार अधिक. हरल्यावर कसला हिशेब, असे त्याला वाटते. कायद्याला मात्र जिंकणारा आणि हरणारा सारखेच. विधानसभेच्या उमेदवाराने निकालानंतर ३० दिवसांत हिशेब दिला नाही आणि त्याला सबळ कारण नसेल, तर तीन वर्षांची अपात्रता येते. महाराष्ट्र ग्रामपंचायत कायद्याच्या कलम १४-ब नुसार ती पाच वर्षांची असू शकते. म्हणजे अनामत रकमेबरोबर पुढची निवडणूकही गेली. एखादी स्वयंसहाय्य गटातून पुढे आलेली बाई, पहिल्यांदाच उभा राहिलेला कामगार, ज्यांच्याकडे पक्षाचे कार्यालय नाही आणि लेखनिक नाही, त्यांच्यावर ही कुऱ्हाड सर्वांत आधी पडते.

हिशेब तपासणारा आयोग किती स्वतंत्र, हा प्रश्नही गोव्याला नवा नाही. गोव्याच्या नगरपालिका निवडणुकांच्या प्रकरणात १२ मार्च २०२१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सरकारी सेवेतील सचिवाकडे राज्य निवडणूक आयुक्तपदाचा अतिरिक्त भार सोपवण्याला कठोर शब्दांत आक्षेप घेतला आणि आयुक्त सरकारपासून स्वतंत्र असले पाहिजेत, असा दंडक देशभरासाठी घालून दिला. खर्चाच्या वहीवर अंतिम शब्द याच कार्यालयाचा असतो, हे लक्षात घेतले तर त्या निकालाचे महत्त्व आरक्षण आणि प्रभागरचनेपलीकडे जाते.

निकालानंतर समितीचे काम संपत नाही. खरे तर महत्त्वाचा भाग तेव्हाच सुरू होतो. मांडववाला, छापखाना, टेम्पोवाला यांची उरलेली बिले आठवडाभरात मागवून घ्यावीत, कारण महिन्यानंतर बिल फाडणाऱ्याला तारीख आठवत नाही. छापखान्याच्या बिलावर प्रतींची संख्या असावी आणि ती पत्रकावर छापलेल्या संख्येशी जुळावी. वहीची बेरीज, बँकेचा उतारा आणि पावत्यांची चळत एकत्र बांधून, विहित नमुन्यातील शपथपत्रासह ती आयोगाने नेमलेल्या अधिकाऱ्याकडे मुदतीच्या काही दिवस आधी द्यावी. शेवटच्या दिवशी कार्यालयात गर्दी असते आणि एखादी सही राहिली तर दुरुस्तीला वेळ उरत नाही.

विधानसभेच्या उमेदवाराचा हिशेब कोणीही नागरिक एक रुपया शुल्क भरून पाहू शकतो. स्थानिक उमेदवाराचा हिशेब माहिती अधिकारात मागता येतो. तेव्हा ही वही अधिकाऱ्याइतकीच शेजाऱ्यासाठीही लिहिलेली असते. संपूर्ण संचाची एक छायाप्रत आणि कार्यालयाच्या शिक्क्याची पोच हिशेबनिसाने उमेदवाराकडे नव्हे, स्वतःकडे जपून ठेवावी. हिशेब मिळालाच नाही, अशी नोटीस काही महिन्यांनी आली, तर त्या एका शिक्क्यावर उमेदवाराची पुढची पाच वर्षे अवलंबून असतात.